निजामी सरहद्द आणि नागरिकत्वाची शाळा

बीदर आणि कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) हे जिल्हे आज कर्नाटकात असले, तरी १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात गुलबर्ग्याची पश्चिम हद्द ही स्वतंत्र भारत आणि निजामी राज्य यांमधील सरहद्द होती. या सरहद्दीने येथील प्रजेला नागरिक केले, हे या भागाच्या इतिहासाचे मर्म होय.

संस्थानात मराठी, कन्नड व तेलुगू बोलणाऱ्यांवर उर्दूतून राज्यकारभार चाले. 'गश्ती निशाण ५३' या फर्मानामुळे सभेला पूर्वपरवानगी लागे. जेथे राजकीय सभा घेता येत नाही, तेथे शाळा आणि ग्रंथालय हीच सभागृहे होतात. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ चे. पुढे १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली आणि १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली.

स्वातंत्र्यानंतर कार्यकर्ते सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शी येथील शिबिरांत जमले. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे नेले. तेथे मांडला गेला तो संस्थानिकाच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न. शिबिरांतील प्रश्न मात्र प्रजेच्या संमतीचा होता.

या कथेची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा येथे रझाकारांनी भीषण हत्याकांड केले. पोलीस कारवाईनंतर मात्र सूडाचे बळी ठरले ते निरपराध मुसलमान. सुंदरलाल समितीने संस्थानभरातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा व बीदर यांची गणना केली. तो अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. शेजाऱ्याच्या जीविताची हमी नसेल, तर मुक्ती अपुरीच म्हणावी लागते.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत स्वामी रामानंद तीर्थ गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. १९५७ मध्ये तेच औरंगाबादहून निवडून आले. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्हा विभागला गेला: उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याबरोबर गेले, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सीमाभागातील मराठी भाषकांनी आपली मागणी ठराव, निवेदने आणि मतपेटी यांच्याद्वारे मांडली; २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

सीमा कोठे असावी, याविषयी मतभेद राहतील. परंतु सभा, मतदान आणि ग्रंथ यांचा अधिकार सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखाच असला पाहिजे, हा या मातीचा धडा आहे. शंभर वर्षे जुन्या ग्रंथालयाने तो विजयाच्या आणि लज्जेच्या अशा दोन्ही नोंदींसह जपावा.