अडीच हजार लिटर लघवी, ८ मिलिग्रॅम औषध

तुमच्या ओळखीत कुणी डायलिसिसवर असेल, तर 'ईपीओचं इंजेक्शन' हे शब्द कानावर आले असतील. हिमोग्लोबिन घसरलं की देतात ते. त्याचा इतिहास मला आज सांगायचाय, कारण औषध कुणाच्या पैशातून जन्मतं आणि शेवटी कुणाच्या मालकीचं होतं, हे त्यात स्वच्छ दिसतं.

ईपीओ म्हणजे एरिथ्रोपोएटिन. हा एक ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचा निरोप देणारं प्रथिन. शरीरात ऑक्सिजन कमी पडला की किडनी ते सोडते आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवायला लागते. किडनी निकामी झाली की निरोपच जात नाही.

असं काहीतरी रक्तात असावं, हा अंदाज पॅरिसमध्ये १९०६ सालीच मांडला गेला होता. पण ते हातात कसं यायचं? शिकागो विद्यापीठात यूजीन गोल्डवासर यांनी १९५५ मध्ये हे काम घेतलं. पैसा सरकारी. उंदरांचे एकेक अवयव काढून पाहत १९५७ मध्ये किडनीपर्यंत माग लागला. मग वर्षानुवर्षं रक्तक्षय झालेल्या मेंढ्यांचं रक्त गाळणं चाललं. हाती येणारं प्रथिन नगण्य.

वाट सापडली जपानमुळे. ज्यांची अस्थिमज्जा पेशी बनवणं थांबवते, अशा रुग्णांच्या लघवीतून ईपीओ भरपूर बाहेर पडतं. कुमामोतोच्या ताकाजी मियाके यांनी अशी २,५५० लिटर लघवी जमवली, आटवून तिची भुकटी केली आणि ती शिकागोला आणली. १९७७ मध्ये त्यातून शुद्ध ईपीओ निघालं, जेमतेम ८ मिलिग्रॅम. बावीस वर्षांची कमाई! पेटंट मात्र कुणी घेतलं नाही.

१९८० मध्ये कॅलिफोर्नियात ॲमजेन कंपनी निघाली. गोल्डवासर यांनी तिला मदत केली. १९८३ मध्ये तैवानमध्ये जन्मलेल्या फू-कुएन लिन यांच्या गटाने तिथे ईपीओचा जीन शोधला. तो हॅमस्टरच्या पेशींमध्ये बसवला आणि प्रथिन हवं तेवढं बनू लागलं. १९८९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. तोवर डायलिसिसच्या पेशंटना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागे, सोबत कावीळ आणि अंगात साठणारं लोह. हजारोंची त्यातून सुटका झाली.

कंपनीने फुकट कमावलं असं मी म्हणणार नाही. जीन शोधणं, कारखाना उभारणं, चाचण्या करणं ही खरी जोखीम होती. पण मग पेटंटच्या भिंती उभ्या राहिल्या. अमेरिकेत पहिलं बायोसिमिलर यायला २०१८ उजाडलं. शिवाय तिथलं सरकार जितकं औषध तितके पैसे देत होतं, त्यामुळे डोस वाढत गेले. हिमोग्लोबिन फार वर नेलं तर हृदयाला धोका, हे २००६ च्या अभ्यासांनी दाखवल्यावर कडक इशारा छापावा लागला.

आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा औषधाला नाही, फक्त ते बनवायच्या पद्धतीला पेटंट देत होता. त्यामुळे २००५ मध्ये कायदा बदलायच्या आधीच मुंबईच्या वोकहार्टसारख्या कंपन्यांनी स्वतःचं ईपीओ बाजारात आणलं होतं. कायद्यातली एक ओळ पेशंटच्या बिलापर्यंत पोचते ती अशी.

आता आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली आहे. अभिमान वाटायलाच हवा. पण सरकारी संस्थेत जन्मलेलं संशोधन कंपनीकडे जातं, तेव्हा किमतीची अट करारात आधीच घातली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. औषध बाजारात आल्यावर हात जोडून उपयोग नसतो.

आणि 'मूलभूत संशोधनावर सरकारने पैसे का उधळायचे?' असं कुणी विचारलं, तर त्याला ही बावीस वर्षं आणि ते ८ मिलिग्रॅम सांगा.