नाशिक शहरातील स्वस्त अन्नाचा प्रश्न : सदावर्त ते शिवभोजन

द्राक्षे, कांदा व भाजीपाला यांसाठी नाशिक जिल्हा देशभर प्रसिद्ध आहे. मुंबईच्या बाजारपेठेला भाजीपाल्याचा मोठा पुरवठा याच जिल्ह्यातून होतो. असे असताना नाशिक शहरातील श्रमिकाच्या ताटात काय पडते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरतो.

तीर्थक्षेत्र असल्याने येथे सदावर्त व अन्नछत्रांची परंपरा जुनी आहे. गाडगेबाबांची (१८७६–१९५६) नाशिकमधील धर्मशाळा याच परंपरेला समाजाभिमुख वळण देणारी होती. मात्र परंपरेने चालत आलेल्या दानाच्या पंक्तीला जातीची मर्यादा होती, हे विसरता येत नाही. ज्या पंचवटीत पुण्य म्हणून अन्न वाटले जाई, तेथेच २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू करावा लागला. दान मिळणे आणि हक्क असणे यांतील अंतर या घटनेतून स्पष्ट होते.

स्वातंत्र्योत्तर काळात दानाची जागा शिधावाटपाने घेतली. १९९७ साली लक्ष्यनिर्धारित वितरण व्यवस्था आली आणि १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी व शुभ्र अशी तिरंगी शिधापत्रिका योजना लागू झाली. कुटुंबाची भूक अशा रीतीने कार्डाच्या रंगावरून ओळखली जाऊ लागली.

शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग त्याआधीच, १९९५ मध्ये झाला होता. एक रुपयात झुणका-भाकर ही कल्पना आहारदृष्ट्या उत्तम होती. ज्वारी व हरभरा ही दोन्ही येथल्या मातीतील धान्ये. परंतु योजना अनुदानावर उभी होती. अनेक केंद्रांच्या मोक्याच्या जागांवर पुढे इतर खाद्यपदार्थ विकले जाऊ लागले आणि कालांतराने अनुदानही थांबले. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण व भात देण्याचे ठरले. शहरी भागात थाळीची किंमत ५० रुपये धरून उर्वरित ४० रुपये शासनाने द्यावयाचे होते. टाळेबंदीत थाळीचा दर पाच रुपये झाला. २०२१ मध्ये काही काळ ती विनामूल्य मिळाली. तरीही प्रत्येक केंद्राच्या थाळ्यांना मर्यादा होती आणि वाटपाची मूळ वेळ दुपारी बारा ते दोन अशी होती. बांधकामावरील मजुराची सुट्टी या वेळेत बसेलच असे नाही.

सर्वांत बिकट स्थिती सुरगाणा व पेठ तालुक्यांतून कामासाठी शहरात येणाऱ्या आदिवासी कुटुंबांची होती. डोंगरउतारावर नागली व वरई पिकविणाऱ्या या माणसांना शिधावाटपात मिळत असे ते गहू-तांदूळ. तेही गावच्या दुकानातच. कार्ड गावात आणि माणूस नाशिकला, अशी ही अडचण होती. आंतरराज्य सुवाह्यतेचा प्रारंभ ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात यांच्यात झाला, तेव्हा कार्ड माणसाबरोबर चालू लागण्याची शक्यता निर्माण झाली. नागली मात्र डोंगरावरच राहिली.