बंदूक तीच, नळी नवी

सरकारचा आपल्यावर किती विश्वास आहे, हे मोजायचं कसं? जाहीरनाम्यांवरून कळत नाही. आयकराच्या नोटिशीवरून थोडंफार कळतं. पण पै-पैचा हिशेब हवा असेल, तर सरकार आपल्या हाती जी बंदूक देतं, तिच्या नळीचं भोक मोजावं. मी पडलो बी. कॉम. झालेला बँकेतला कारकून. माझ्या हाती रबरी शिक्क्याहून घातक हत्यार कुणी दिलेलं नाही. तरीही हा सिद्धान्त माझाच, आणि तो मला सुचला आमच्या शाखेच्या गार्डमामांमुळे.

मामा माजी सैनिक. पलटणीत त्यांच्याकडे इन्सास होती. ती आखली पाषाणच्या ए. आर. डी. ई. मध्ये, म्हणजे आमच्या कर्वेनगरहून रिक्षाने जाण्यासारख्या ठिकाणी. निवृत्त होऊन बँकेच्या दाराशी बसले, तर हातात आली बाराबोअर. मी म्हटलं, "मामा, नेम तोच ना?" मामा म्हणाले, "साहेब, नेम तोच, हात तोच. नळी तेवढी बदलली."

हिंदुस्थानातल्या बंदुकांचा दीडशे वर्षांचा इतिहास मामांनी एका वाक्यात आटोपला. मला मात्र निबंध लिहावा लागतोय.

आधी हे नळी बदलणं म्हणजे काय, ते पाहू. थ्री-नॉट-थ्री ही बोल्ट मागे ओढून पुढे ढकलायची रायफल. तिची नळी मागच्या सांगाड्यात आट्यांनी बसवलेली असते. कारखान्यात ती पिळून काढतात आणि दुसऱ्या काडतुसाच्या मापाची बसवतात. ऐकायला नळाची तोटी बदलण्याइतकं सोपं. पण नव्या काडतुसाचं बूड जुन्या बोल्टला नीट टेकलं पाहिजे, आणि बार उडाल्यावरचा दाब जुन्या पोलादाला सोसला पाहिजे. कुकरला दुसऱ्याच कंपनीचं झाकण लावून पाहिलेल्या गृहिणींना यातला धोका वेगळा सांगायला नको. म्हणूनच इशापूरच्या कारखान्याने १९६२ च्या चीन युद्धानंतर याच रायफलीचा ७.६२ मिलिमीटरचा अवतार काढला, तेव्हा नुसती नळी बदलून भागवलं नाही. अधिक कणखर पोलाद घेऊन रायफलच नवी घडवली.

ही झाली ताकद वाढवण्यासाठी केलेली बदलाबदल. इंग्रजांनी आपल्याकडे केली ती कमी करण्यासाठी!

१८५७ चा उठाव झाला आणि साहेबाची झोप उडाली. एनफील्डच्या नळीत आतून पीळदार खाचा असत. त्यांनी गोळी फिरत, लांबवर आणि सरळ जाई. १८५८ साली देशी शिपायांसाठी त्या खाचाच घासून काढलेली बंदूक निघाली. नेमाची लांब पल्ल्याची पट्टीही गेली. गोऱ्याची गोळी सरळ जावी, काळ्याची कुठेही! योगायोग असा, की आमच्या वस्तीला ज्यांचं नाव आहे, ते महर्षी कर्वे याच १८५८ चे. साहेब शिपायाच्या नळीतल्या खाचा घासत होता, तेव्हा अण्णासाहेब पाळण्यात होते. पुढे त्यांनी हिंगण्याच्या माळावर बायकांना शिकवून, कसलीही नळी न वापरता, साहेबाला जमला नाही इतका सरळ नेम साधला. आमच्या हिंगणे बुद्रुकचं कर्वेनगर झालं, तेही त्यांच्याच नावाने. बदललेली नळी मूळ नळीहून सरस ठरल्याचं एवढंच उदाहरण मला ठाऊक आहे.

मग १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार नाही. पुढे पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी थ्री-नॉट-थ्रीची ४१० मस्केट झाली: नळी आतून गुळगुळीत, काडतुसांच्या पेटीच्या जागी लाकडाचा ठोकळा, आणि एका वेळी एकच बार. म्हणजे पहारा करायचा, पण बेतानं.

परवानाधारक शिकाऱ्याची तऱ्हा आणखी मजेदार. त्याला लष्करी काडतूस चालणारी बंदूक द्यायची नाही, कारण छावणीतून चोरलेली काडतुसं तिच्यात बसली तर? मग त्याच घराण्यातल्या रायफलीला ३१५ बोअरची, म्हणजे आठ मिलिमीटरची नळी लावून ती विकू लागले. काडतूस कुठलं? ऑस्ट्रियाच्या बादशाही फौजेचं! ते बादशाही साम्राज्य १९१८ मध्ये बुडालं, पण त्याचं काडतूस आमच्या खडकीच्या कारखान्यात 'के. एफ.' असा छाप घेऊन तयार होत राहिलं. व्हिएन्नाच्या दरबारात कुणाला स्वप्न तरी पडलं असेल का, की आपला दारूगोळा शेवटी उसातल्या रानडुकरांच्या कामी येईल?

आता तुम्ही म्हणाल, इंग्रज गेले, संपलं! संपलं कुठलं? १९५९ साली आपला स्वतःचा शस्त्र कायदा झाला, १९६२ साली नियम झाले, आणि त्यांत थ्री-नॉट-थ्री सामान्य माणसाला वर्ज्यच राहिली. कहर म्हणजे ४१० मस्केटही वर्ज्य! परक्या राज्याने अविश्वासापोटी जिला दुबळी केली, तिचाही स्वकीय राज्याला धाक वाटला.

गावोगाव रायफली वाटा, असं मी म्हणत नाही. आमच्या गल्लीतली गणपतीच्या वर्गणीची भांडणं पाहिल्यावर तसं म्हणण्याची छाती होत नाही. अविश्वासाचंही मला वावडं नाही. माझा सगळा पगार त्याच्यावर चालतो. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि दोन माणसं एकत्र आल्याशिवाय ती उघडत नाही. पण त्यात कुणाचा अपमान नाही, कारण मॅनेजरलाही एकच किल्ली आणि कॅशियरलाही एकच. अपमान होतो तो एकाच्या नळीतल्या खाचा ठेवून दुसऱ्याच्या तेवढ्या घासल्या म्हणजे. घासलेली नळी एकदा बदलता येते. मोजपट्टी मात्र साहेबाचीच कपाटात पडून असते, आणि ती कुणी बदलत नाही.