निळीचा रांजण आणि रासायनिक क्रियेचा बोध

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. परंतु येथील हातमाग व रंगकाम यांची परंपरा त्याहून जुनी आहे. १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरात निळीचे काम करणाऱ्या ‘निराळी’ जातीची स्वतंत्र नोंद आढळते.

नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून जुने रंगारी रांजणात चुन्यासह गूळ वा टाकळ्याचे बी घालून ती आंबवीत. आंबण्याच्या क्रियेत निळीचे क्षपण होऊन तिचे पिवळसर, विद्राव्य रूप सुतात मुरे. सूत बाहेर काढताच हवेतील ऑक्सिजनामुळे ऑक्सिडीकरण होऊन मूळची अविद्राव्य नीळ धाग्यातच परत तयार होई. रंग पक्का ठरे तो यामुळेच.

निळीची रेणुरचना बायर यांनी १८८३ साली निश्चित केली व १८९७ मध्ये जर्मनीतील कृत्रिम नीळ बाजारात आली. तिच्या रंगणीतही हाच क्रम कायम राहिला.

रंगाऱ्यास समीकरण ठाऊक नव्हते. ती क्रिया केव्हा घडते व केव्हा बिघडते, हे मात्र तो जाणत होता. प्रारंभिक रसायनाच्या वर्गात बहुधा समीकरणच पाठ होते. तेथे क्षपण व ऑक्सिडीकरण शिकविताना प्रथम हा रांजण दाखविला, तर विद्यार्थ्यास या संज्ञांचा अर्थ प्रत्यक्ष दिसेल, आणि या कारागिरांस रसायनशास्त्राच्या इतिहासात त्यांचे स्थानही मिळेल.