पत्त्यांच्या पाठीवरची यादी

फ्रान्समध्ये क्रांती झाल्यावर नव्या सरकारने चर्चची मालमत्ता ताब्यात घेतली. जमिनी आल्या, इमारती आल्या आणि त्यांच्यासोबत मठांमधली ढिगाने पुस्तकंही सरकारच्या गळ्यात पडली. नेमकं काय हाती लागलंय हे पॅरिसला कळायला हवं होतं. म्हणून १७९१मध्ये ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांना सूचना गेल्या : एका पुस्तकासाठी एक पत्ता घ्या. पत्ता म्हणजे खेळायचा, बदाम-इस्पिकवाला. त्या काळी पत्त्यांची पाठ कोरी असे. तिच्यावर लेखकाचं नाव आणि पुस्तकाची माहिती लिहा, आडनावाखाली रेघ मारा, पत्ते क्रमाने लावून दोऱ्यात ओवा आणि पॅरिसला पाठवून द्या.

साऱ्या देशातल्या पुस्तकांची एकच एक यादी करायचा बेत होता. ती यादी काही पूर्ण झाली नाही. पण सुट्या पत्त्याची कल्पना टिकली. वहीत दोन ओळींच्या मध्ये तिसरी घुसवायची तर गिचमिड होते. पत्त्यांच्या गठ्ठ्यात मात्र कुठेही नवा पत्ता सरकवता येतो. मी कंप्युटर इंजिनीअरिंग शिकताना दुसऱ्या वर्षाला ॲरे आणि लिंक्ड लिस्ट यांतला फरक म्हणून हेच शिकलो होतो, फक्त तिथे पत्ते नव्हते.

मी पोटापाण्यासाठी सर्चवर काम करतो. लोक काय शोधतात, त्यांना काय सापडतं आणि काय सापडत नाही, हे पाहणं माझी नोकरी. त्यामुळे ‘ग्रंथालयांचं भविष्य’ अशा मथळ्याचं काही दिसलं की मी वाचतो. त्यात रोबॉट असतात, थ्रीडी चष्मे असतात, आताशा चॅटबॉट असतात. नोंद करणाऱ्या माणसाबद्दल मात्र अवाक्षर नसतं. इतिहास पाहिला तर नवं तंत्रज्ञान ग्रंथालयात आल्यावर पुस्तकांचं काय झालं, हे बहुतेक वेळा त्या माणसाच्या टेबलावर ठरलेलं दिसतं.

आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण बडोद्याचं. सयाजीराव गायकवाडांनी १९०६मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याच सुमाराला ते अमेरिकेत जाऊन आले होते आणि तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली होती. शाळेतून अक्षरओळख झालेल्या पोराने पुढे वाचायचं काय, हा प्रश्न त्यांना पडला. (हा प्रश्न आजही फार राज्यकर्त्यांना पडत नाही.) १९१०मध्ये त्यांनी कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि संस्थानच्या सगळ्या ग्रंथालयांचा कारभार त्याच्या हाती दिला. महाराजांनी राजवाड्यातली आपली पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकली. खेड्यांसाठी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या निघाल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना चित्रं आणि सिनेमा दाखवणारा एक विभागही ग्रंथालय खात्यात होता, म्हणजे आज ज्याला मल्टिमीडिया म्हणून मिरवतात तो प्रकार.

मला यातली सिनेमाची गंमत आवडतेच, पण बॉर्डनने आल्या आल्या काय केलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याने पुढच्याच वर्षी ग्रंथपालांचा वर्ग काढला. पुस्तकांचं वर्गीकरण कसं करायचं, कार्ड कसं लिहायचं, हे तो शिकवू लागला. बडोद्यासाठी त्याने वेगळी वर्गीकरण पद्धत बसवली. ड्यूईची अमेरिकन पद्धत जशीच्या तशी उचलली असती तर काय झालं असतं, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. ड्यूईमध्ये इंग्रजी साहित्याला ८२० ते ८२९ असं अख्खं दालन आहे आणि मराठी साहित्य ८९१.४६. म्हणजे ज्ञानेश्वरांपासून आजपर्यंतचं सगळं दशांश चिन्हाच्या पलीकडे, दुसऱ्या घरात. बडोद्याहून १९१२पासून ‘लायब्ररी मिसलेनी’ नावाचं त्रैमासिकही निघू लागलं. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभाग होते. ग्रंथालयशास्त्रावर मराठीत नियमितपणे लिहिलं जात होतं, तेही शंभराहून जास्त वर्षांपूर्वी. बॉर्डन तीन वर्षांत परत गेला, वर्गात तयार झालेली माणसं राहिली आणि पुढची कित्येक वर्षं काम चाललं ते त्यांच्या जोरावर.

मराठीत याच्या बरोबर उलटं उदाहरणही आहे. तिथे ना संस्थान होतं, ना खातं, ना वर्ग. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची सूची केली आणि १९४०च्या दशकात ती प्रसिद्ध झाली. पुढच्या भागात त्यांनी १९३८ ते १९५०चा काळ घेतला. ‘मराठी ग्रंथसूची’चे हे दोन खंड ज्यांनी हाताळलेत त्यांना ठाऊक असेल की हे वाचायचं पुस्तक नाही. ओळीमागून ओळी : शीर्षक, लेखक, प्रकाशक, गाव, वर्ष, पानं, किंमत. पण एखादं मराठी पुस्तक १८९०मध्ये खरोखर निघालं होतं का, असा प्रश्न आला की अभ्यासक आजही आधी दाते उघडतात. सव्वाशे-दीडशे वर्षांचा हिशोब मुख्यतः एका माणसाच्या चिकाटीवर उभा राहिला, याचा अभिमान वाटावा की काळजी, हे मला ठरवता येत नाही.

दात्यांचा दुसरा खंड १९६१चा. त्यानंतर चारच वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये हेन्रिएट ॲव्हराम नावाच्या बाई लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नोकरीला लागल्या. त्यांनी ग्रंथालयशास्त्र शिकलं नव्हतं, त्या प्रोग्रॅमर होत्या. कॅटलॉगचं कार्ड मशीनला वाचता येईल अशा रूपात मांडायचं, हे काम त्यांच्याकडे आलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय, कार्ड टाइप करून घ्यायचं. ॲव्हरामबाईंनी कार्डावरच्या प्रत्येक तुकड्याचा अर्थ काय आणि तो तिथे का आहे, हे कॅटलॉग करणाऱ्यांकडून समजून घेतलं. माणूस कार्डाकडे पाहतो तेव्हा हे शीर्षक, हा अनुवादक, हे मालेचं नाव, हे त्याला न सांगता कळतं. मशीनला सांगावं लागतं. त्यातून मार्क नावाचा साचा तयार झाला. लेखक १००व्या रकान्यात, शीर्षक २४५व्यात. शीर्षकाची लांबी आधीपासून ठरवून न ठेवता जेवढी लागेल तेवढी घ्यायची सोयही होती. मेमरी पैपैने मोजायच्या काळात ही फार पुढची गोष्ट होती. १९६९पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस या नोंदी टेपवर भरून इतर ग्रंथालयांना पाठवू लागली. हा साचा आजही चालू आहे. मी लिहिलेला कोड साधारण तीन वर्षांत कोणीतरी पुसून टाकतं, त्यामुळे मला याचं अप्रूप वाटतं.

आता यात मराठीचा धागा असा. अमेरिकेने भारताला पीएल-४८० कायद्याखाली धान्य विकलं. त्याची किंमत रुपयांत मिळाली आणि ते रुपये इथेच खर्च करायचे होते. १९६२पासून त्यातल्या काही पैशांत लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. मराठी पुस्तकंही गेली. प्रत्येकाची नोंद झाली, ठरलेल्या रोमन लिप्यंतरात, टिंबं आणि आडव्या रेघांसकट. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातली एखादी मराठी कादंबरी शिकागोच्या कॅटलॉगमध्ये दोन मिनिटांत सापडते आणि ती जिथे छापली गेली त्या गावच्या वाचनालयात आहे की नाही, हे तिथल्या कपाटापुढे उभं राहूनच बघावं लागतं. लाल गव्हाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय, या पुस्तकांबद्दल त्यामानाने कमी.

मग स्कॅनर आले. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या राज रेड्डी यांच्या पुढाकाराने दहा लाख पुस्तकं स्कॅन करायचा प्रकल्प या शतकाच्या सुरुवातीला आकाराला आला. भारतात त्याची सूत्रं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे होती आणि इथल्या भागाचं नाव ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’. जुन्या ग्रंथालयांतली मराठी पुस्तकं हजारोंनी स्कॅन झाली. काम खरोखर मोठं होतं. त्यातली कित्येक पुस्तकं आज दुसरीकडे कुठे पाहायलाही मिळणार नाहीत.

पण पानांचं चित्र काढायला जेवढी यंत्रणा होती तेवढी त्या चित्रावर नाव लिहायला नव्हती. शीर्षकं रोमन लिपीत भरली गेली आणि तीही ज्याच्या-त्याच्या मनाने. एकटा ‘ज्ञ’ घ्या. मराठी माणूस तो रोमनमध्ये डी-एन-वाय असा लिहितो, संस्कृतवाला जे-एन, हिंदीवाला जी-वाय, गुजराती जी-एन. ज्ञानेश्वरी शोधणाऱ्याने हे चारही दरवाजे ठोठवायचे. कुठे लेखकाच्या जागी संपादक, कुठे भाग दुसरा आहे पण कशाचा ते नाही, कुठे वर्ष चुकलेलं. २०१७च्या सुमारास ते संकेतस्थळच बंद पडलं. कार्ल मालामुद यांच्या ‘पब्लिक रिसोर्स’ने त्यातली चार लाखांहून जास्त पुस्तकं ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर चढवून ठेवली होती, म्हणून ती वाचली. त्यांची ओळख आजही एका लांबलचक क्रमांकाने होते, इन-अर्नेट-डीएलआय-२०१५ आणि पुढे आकडे. बंद पडलेल्या मशीनचं नाव पुस्तकाच्या कपाळावर कायमचं कोरलं गेलंय. आर्काइव्हच्या अक्षरं ओळखणाऱ्या यंत्रणेला बराच काळ देवनागरी येत नव्हती. त्यामुळे आतला मजकूर शोधायची सोय नाही आणि बाहेरचं नाव बेभरवशाचं, अशा अवस्थेत ही पुस्तकं वर्षानुवर्षं जगासमोर उघडी पडून होती.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री नुनबर्ग यांनी २००९मध्ये गूगल बुक्समधल्या नोंदींची चिरफाड केली होती. १८९९ साली प्रसिद्ध झालेली म्हणून तिथे जी पुस्तकं दिसत होती, त्यातल्या काहींचे लेखक तेव्हा जन्मलेलेही नव्हते.

माझ्या व्यवसायातले लोक यावर म्हणतात, नोंद हवीच कशाला? आता मॉडेल अख्खं पुस्तक वाचेल आणि काय हवं ते सांगेल. मी या बाजूचा माणूस आहे, त्यामुळे या बोलण्यातला खरा भाग मला दिसतो. देवनागरी ओळखणं गेल्या काही वर्षांत खूपच सुधारलंय. तरी मराठीपुरत्या दोन अडचणी सांगतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी बरेच अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’ आणि ‘घरांत’ असतं. नव्या पद्धतीने ‘काही’ शोधणाऱ्याला निम्मं शतक दिसतच नाही. दुसरी त्याहून बारीक. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८मध्ये. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत, काही जण अजूनही ठेवतात. डोळ्याला दोन्ही एकच, मशीनला दोन वेगळे शब्द. हे दोन्ही सोडवता येतं. पण कोणीतरी बसून सोडवावं लागतं आणि त्या कोणाला मराठी वाचता यावी लागते.

याहून मोठी अडचण आहे ती ‘नाही’ म्हणण्याची. मे २०२५मध्ये शिकागो सन-टाइम्सच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी छापून आली. लेखक खरे होते. पुस्तकं खरी होती फक्त पाच. बाकीची एआयने रचलेली, कथानकासकट. अशी पुस्तकं मागायला आता लोक ग्रंथालयात येतात. इंग्रजीत अशा वेळी ग्रंथपाल कॅटलॉग उघडतो आणि असं पुस्तक नाही म्हणून ठामपणे सांगतो. १९६३च्या एखाद्या मराठी पुस्तकाबद्दल असं कोण सांगेल? दाते १९५०ला थांबतात. मॉडेलने एखाद्या खऱ्या लेखकाच्या नावावर खोटं पुस्तक रचलं, ते दोन लेखांत उद्धृत झालं, की पुढचं मॉडेल ते लेख वाचून शिकणार. तपासायला जागाच नसेल तर खोट्या पुस्तकाला जेवढं अस्तित्व तेवढंच नोंद नसलेल्या खऱ्या पुस्तकालाही.

महाराष्ट्रात १९६७चा ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली अनुदान घेणारी अ, ब, क, ड वर्गांची हजारो वाचनालयं आहेत आणि प्रत्येकात एक दाखलनोंद वही असते. म्हणजे माहिती आहे, हाताने लिहिलेली, गावोगाव विखुरलेली. काही ठिकाणी ती कंप्युटरवरही गेली होती, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांचा चिवडा दिसतो. तो चिवडा पुन्हा मराठीत आणणारे प्रोग्रॅम आहेत, अवघड नाहीत. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी मात्र हमखास चुकतात आणि मग एकेक ओळ वहीशी ताडून पाहावी लागते.

गेले काही महिने मी एका वाचनालयासाठी रविवारी हे करतोय. मी स्क्रीनवरचं वाचतो, ग्रंथपाल बाई वही वाचतात. त्यांना मिळणारं मानधन इतकं आहे की आकडा लिहायला मलाच संकोच वाटतो. चुका सहसा त्याच पकडतात. मागच्या रविवारी स्कॅनमधल्या एका नाटकाची गाठ वहीतल्या नोंदीशी जुळवत होतो. स्कॅनला मुखपृष्ठ नाही, पहिली आठ पानं गायब, नोंदीत नुसतं ‘नाटक, सामाजिक’. बाई म्हणाल्या, “थांबा हो दादा, याची प्रत आपल्याकडे बांधणीला काढलेल्या गठ्ठ्यात असेल.” गठ्ठा माळ्यावर आहे. शिडी पुढच्या रविवारी मिळणार आहे.