विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा हात

फ्रान्समधील रोआन येथील त्र्वाग्रो बंधूंच्या भोजनगृहासाठीं जॉर्ज प्राल्यू यांनीं १९७४ सालीं एक युक्ति काढली. हंसाचें यकृत शिजतांना वितळून घटूं नये, म्हणून तें पिशवींत बंद करून बेताच्या ऊन पाण्यांत ठेवावयाचें. पाण्याची उष्णता ढळूं द्यावयाची नाहीं, हें तिचें मर्म. त्यामुळें ती दीर्घकाळ मोठ्या पाकशाळांतच राहिली.

अमेरिकेंतील अनोवा कंपनीनें तिला घरच्या पातेल्यांत आणलें. पातेल्याच्या कडेला अडकवावयाचा तापक दांडा, आणि तो मोबाइलवरून चालणारा! २०१४ सालीं दहा हजारांहून अधिक लोकांनीं तो हातीं येण्यापूर्वींच सुमारें अठरा लक्ष डॉलर मोजले. २०१७ सालीं स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनें ही कंपनी विकत घेतली. २०२४ च्या ऑगस्टपासून ॲपच्या नव्या ग्राहकांवर वर्गणी बसली. जुन्यांना तेवढी सूट मिळाली.

ती सूट फार टिकली नाहीं. २८ सप्टेंबर २०२५ रोजीं पहिल्या ब्लूटूथ व वायफाय दांड्यांचा ॲपशीं संबंध कंपनीनें तोडला. दांडे बिघडले नव्हते. पातेलें विकल्यावर कासार झांकण परत नेत नसे. येथें झांकण विकणाऱ्याच्याच हातीं राहिलें होतें. जुन्या ग्राहकांना नवा दांडा सवलतीनें देऊं केला गेला. ज्यांनीं तो घेतला नाहीं, ते आतां पातेल्यापाशीं जाऊन हातानें उष्णता ठरवितात.