पाच वर्षांनी कुठे?

आपल्या पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेला निघाले, तेव्हा कुणी विचारलं असतं, "पुढे काय व्हायचंय?" तर काय म्हणाले असते? बॅरिस्टर झाले, पण डॉक्टरेट वेदवाङ्मयातल्या धर्मावर! १९५२ साली केंद्रीय कृषिमंत्री होऊ, हे कुणाच्या स्वप्नातही नसणार. मधे १९३२ला अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली, शेतकऱ्यांची पोरं शिकावीत म्हणून. हुद्दे बदलले, माणसं तीच.

माझा भाचा सध्या मुलाखतींची तयारी करतोय. 'पाच वर्षांनी मॅनेजर' हे उत्तर पाठ. (त्याच्या खोलीतले बाकीचे तिघंही तेच सांगणार!) मी म्हटलं, बापू, हुद्दा राहू दे. कोणतं काम करायचंय आणि त्यासाठी पहिल्या वर्षी काय शिकणार, ते सांग. लिहून काढतोय आता.